इटालियन गाडीचे माळकरी

दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. आवाज चढलेला होता. "तू जन्मभर इतिहास शिकवलास ना? मग आता जरा माझ्या चिरंजीवांना शिकव. नातीच्या कॉलेजचा खर्च तोंडावर आलाय आणि हा पठ्ठ्या ती जुनी इटालियन गाडी विकायचं नाव काढत नाही. चांगलं गिऱ्हाईक आलंय म्हणे!"

चिरंजीव म्हणजे माझा भाचा. इंग्लंडात असतो, पन्नाशी ओलांडलेला, अगदी हिशोबी माणूस. पण त्याच्या गॅरेजमध्ये चादरीखाली झाकून ठेवलेली लाल रंगाची एक अल्फा रोमिओ आहे. जीटी ज्युनिअर १६००, सन १९७४. मी तिकडे गेले होते तेव्हा त्याने मला त्या गाडीतून फिरवून आणलं होतं. गाडी बुटकी. बसताना माझ्या गुडघ्यांनी तक्रार केलीच. मी म्हटलं, "अरे, आम्ही शाळेच्या बाकावर याहून सुखात बसत होतो." तो म्हणाला, "मावशी, तू आधी बस, मग बोलू. आणि बोलायच्या आधी नुसतं ऐक." मग त्याने इंजिन सुरू केलं. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण एखाद्या गवयाने आलापीतून तानेवर जावं तसा तो आवाज चढत गेला, एवढं मात्र कळलं.

ताईला मी म्हटलं, "थोडे दिवस दे. ज्या गोष्टीविरुद्ध बोलायचं ती आधी समजून तर घेऊ दे." वर्गात मुलांना मी हेच सांगायचे. तेव्हापासून महिनाभर मी वाचते आहे. अशा गाड्या पाळणाऱ्यांना इटालियन भाषेत नावं आहेत. फेरारीवाले ते फेरारिस्ती, लान्चावाले ते लान्चिस्ती आणि अल्फावाले ते आल्फिस्ती. आपल्याकडे वारकरी, माळकरी म्हणतात ना, त्याच चालीवर. म्हणजे गाडी नुसती विकत घेऊन भागत नाही, माळ घालावी लागते! ही माळ माणसं का घालतात आणि एकदा घातली की का उतरवत नाहीत, हे मला शोधायचं होतं. सगळ्याच इटालियन गाड्यांचा पसारा फार मोठा आहे, म्हणून भाच्याच्या अल्फाचाच धागा धरते.

मिलान शहरात २४ जून १९१० रोजी एक कंपनी निघाली. दाराक या फ्रेंच मोटारींचा तिथला कारखाना नीट चालेना, तो स्थानिक लोकांनी घेतला. कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडली की 'अल्फा' होतं. तिच्या बिल्ल्यावर एका बाजूला मिलान शहराचा लाल क्रॉस आहे आणि दुसऱ्या बाजूला व्हिस्कोंती घराण्याचा साप, तोंडात माणूस धरलेला. म्हणजे शहराचा इतिहासच नाकावर मिरवणारी गाडी. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, निकोला रोमेओ नावाच्या नेपल्सकडच्या इंजिनिअरने कारखाना ताब्यात घेतला आणि १९२० पासून गाड्यांवर 'अल्फा रोमिओ' हे जोडनाव आलं.

माळेतला पहिला मणी १९२३ सालचा. उगो सिव्होच्ची हा कंपनीचा शर्यतपटू. हा गुणी होता, पण विजय त्याला हुलकावणी देत असे. सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीच्या वेळी त्याने गाडीवर पांढरा चौकोन काढून त्यात हिरवं चार पाकळ्यांचं क्लोव्हर रंगवलं. तिकडे ते शुभ मानतात. आणि तो जिंकला! त्याच वर्षी सप्टेंबरात मोंझाच्या मैदानावर सराव करताना त्याला अपघात झाला आणि तो गेला. त्या गाडीवर ते पान नव्हतं. तेव्हापासून अल्फाच्या शर्यतीच्या गाड्यांवर ते हिरवं पान आलं, पण चौकोनाऐवजी त्रिकोणात. गेलेल्या माणसाचा कोपरा रिकामा ठेवला, असं सांगतात. कोपऱ्याच्या कथेला पुरावा किती हे सोडा. पण जेवणाच्या पंगतीत गेलेल्या माणसाचं पान मांडणाऱ्या आपल्या लोकांना ती लगेच कळेल.

त्याच वर्षी व्हित्तोरिओ यानो नावाचा अभियंता फियाट सोडून अल्फाकडे आला. त्याने बनवलेल्या पी-२ गाडीने १९२५ मधलं पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं. पुढे १९३१ ते १९३४ अशी सलग चार वर्षं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत अल्फानेच जिंकली. इटलीतली हजार मैलांची 'मिले मिलिया' ही शर्यत तर एकूण अकरा वेळा. आणि १९३५ साली जर्मनीत नुर्बुर्गरिंगवर जे घडलं ते आल्फिस्ती आजही आपण पानिपत-बुराडीच्या गोष्टी सांगतो तशा आवेशात सांगतात. हिटलरचं सरकार मर्सिडीज आणि ऑटो युनियन यांच्या पाठीशी पैसा ओतत होतं. त्यांच्या नऊ गाड्या मैदानात. त्यांच्यासमोर बेचाळीस वर्षांचा, काटकुळा तात्सिओ नुव्होलारी, तुलनेने जुनाट आणि कमी ताकदीची अल्फा घेऊन उभा. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या मर्सिडीजचं टायर फुटलं आणि नुव्होलारी पहिला आला.

इथे इतिहासाच्या बाईने थोडं थांबायला हवं. हे सगळं ऐकायला रोमांचक आहे, पण नुव्होलारीच्या मागे तरी कोण होतं? मुसोलिनी! ही कंपनी डबघाईला आल्यावर १९३३ मध्ये सरकारी संस्थेने, 'इरी'ने, ती पोसायला घेतली. अल्फाचे विजय म्हणजे राजवटीचे विजय असा डंका पिटला जाई. म्हणजे एका हुकूमशाहीच्या गाडीने दुसऱ्या हुकूमशाहीच्या गाडीला हरवलं, असंही त्या शर्यतीचं वर्णन करता येतं. भाच्याला मी हे फोनवर म्हटलं. तो म्हणाला, "खरं आहे गं मावशी. पण नुव्होलारीचे हात तर त्याचेच होते ना?" मला उत्तर सुचलं नाही.

आता गोष्ट मुख्य वळणावर येते. युद्धात मिलानमधला पोर्तेल्लोचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत मोडून पडला. युद्ध संपलं तेव्हा देश कंगाल. शर्यतीत जिंकणाऱ्या या कारखान्याने पोटासाठी स्वयंपाकाच्या विजेच्या शेगड्या आणि दारं-खिडक्यासुद्धा बनवल्या. पण शर्यतीच्या काही गाड्या लपवून जपलेल्या होत्या. एका चीजच्या कारखान्यात ठेवल्या होत्या असं सांगतात. त्याच 'आल्फेत्ता' गाड्या बाहेर काढल्या आणि १९५० मध्ये फॉर्म्युला वनचं पहिलं जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा त्यांनी भाग घेतलेल्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या. पहिला जगज्जेता जुझेप्पे फारिना, दुसऱ्या वर्षीचा हुआन मान्युएल फान्जिओ, दोघेही अल्फातच बसलेले.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडली. एन्झो फेरारी हा मुळात अल्फाचाच माणूस. तिथे शर्यतपटू होता, मग १९२९ पासून अल्फाच्या गाड्या घेऊन आपला संघ चालवत होता. भांडून बाहेर पडला आणि स्वतःच्या नावाच्या गाड्या बांधू लागला. १९५१ साली इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला त्याच्या गाडीने जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत पहिल्यांदा अल्फाला हरवलं. त्याला आनंदाने रडू आलं, पण आज आपण आपल्या आईचाच जीव घेतला असंही वाटलं, असं त्याने पुढे सांगितलं. आज जगात फेरारीचं नाव घरोघरी आहे, पण आईचं नाव अल्फा हे आल्फिस्ती कधी विसरत नाहीत.

दोन अजिंक्यपदं मिळवून अल्फाने तो खेळ सोडला. खर्च झेपेना. आणि आता जो निर्णय झाला त्यातच भाच्याच्या गाडीचं मूळ आहे. तोवर अल्फा म्हणजे श्रीमंतांसाठी हाताने घडवलेल्या मोजक्या गाड्या. ओरात्सिओ सात्ता पुलिगा हा मुख्य अभियंता होता. त्याच्या हाताखाली गाड्या कारखान्याच्या पट्ट्यावर बनू लागल्या. १९५० मध्ये '१९००' ही कुटुंबाची गाडी आली आणि १९५४ मध्ये तिच्याहून लहान, 'जुलिएत्ता'.

जुलिएत्ताच्या जन्माची हकीकत गमतीची आहे. पैसे उभे करायला रोखे विकले होते आणि रोखेधारकांतून सोडत काढून काहींना नवी गाडी मिळणार होती. सोडत झाली, पण गाडी काही तयार होईना! वर्तमानपत्रांत बोंब झाली. चार दारांच्या साध्या गाडीला वेळ लागणार होता, म्हणून तूरिनच्या बेर्तोनेच्या कार्यशाळेकडून दोन दारांची छोटी 'स्प्रिंट' घाईघाईने करून घेतली आणि आधी तीच दाखवली. आकार फ्रँको स्काल्योने याच्या हातचा. अब्रू वाचवायला काढलेली गाडी लोकांनी डोक्यावर घेतली. पुढच्या दहा वर्षांत जुलिएत्ता कुटुंबातल्या सगळ्या प्रकारांच्या मिळून पावणेदोन लाखांवर गाड्या बनल्या.

यात एवढं काय होतं? आपल्या पिढीला समजेल असं सांगते. आपण जिला फियाट म्हणायचो आणि जी पुढे पद्मिनी झाली, ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी गाडीही मूळची इटालियनच, फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद चाळीसेक अश्वशक्ती. जुलिएत्ता स्प्रिंटचं इंजिन १२९० सीसीचं, म्हणजे फार मोठं नव्हे. पण सुरुवातीलाच ६५ अश्वशक्ती, वेग ताशी १६० किलोमीटरच्या घरात आणि पुढच्या 'व्हेलोचे' प्रकारात त्याहून जास्त. फरक कुठे पडला? व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या समजा. साध्या इंजिनात त्या उघडणारा दांडा खाली असतो आणि मधल्या काड्यांमार्फत काम चालतं. अल्फाने शर्यतीच्या गाड्यांसारखे दोन दांडे थेट नाकपुड्यांच्या वर बसवले. शिवाय सगळं इंजिन ॲल्युमिनियमचं, म्हणजे हलकं. इंजिन जोरात फिरू लागलं तरी त्याला धाप लागत नाही.

यालाही कारण होतं. इटलीत मोटारीवरचा कर इंजिनाच्या आकारमानावर बसे आणि पेट्रोल महाग. मोठं इंजिन घालून ताकद काढणं अमेरिकेला परवडे, इटलीला नाही. मग लहान इंजिनातून जितकं काढता येईल तितकं काढायचं. वर देश डोंगराळ, घाटाघाटांचा. तिथे नुसती ताकद कामाची नाही, वळणावर गाडी हाताशी राहायला हवी आणि ब्रेक नीट लागायला हवेत. म्हणजे ज्याला आपण 'इटालियन स्वभाव' वगैरे म्हणतो त्यातलं बरंचसं कराच्या कोष्टकातून आणि घाटरस्त्यांतून आलेलं आहे. गरिबीतून आलेलं शहाणपण म्हणा हवं तर. आपल्याकडची बाई फोडणीच्या चमचाभर तेलात घरभर वास दरवळवते, त्यातलाच प्रकार!

मग १९६२ मध्ये जुलिया आली. दिसायला चौकोनी डबा, पण वाऱ्याला फार कमी अडणारी. इटलीच्या पोलिसांनीही ती वापरली. आणि १९६३ मध्ये त्याच जुलियाच्या हाडांवर बेर्तोनेकडच्या जॉर्जेत्तो जुजारो याने दोन दारांचा देह चढवला. जुजारो तेव्हा जेमतेम पंचविशीचा. भाच्याची लाल गाडी त्याच वंशातली. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि तेच दोन दांड्यांचं इंजिन, थोडं वाढवलेलं. उघड्या टपाची बहीण 'स्पायडर' १९६६ ची, पिनिनफारिनाच्या हातची. १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट' सिनेमात डस्टिन हॉफमन चालवतो ती हीच, आणि त्या सिनेमानंतर अमेरिकेत तिची ओळख घरोघर झाली. जाता जाता आपल्याकडच्या लोकांना आवडेल अशी गोष्ट सांगते. हीच पिनिनफारिना कंपनी घेण्याचा करार आपल्या महिंद्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये केला.

तर आल्फिस्तींच्या प्रेमाचं पहिलं कारण हे. जगज्जेत्या गाडीचं रक्त मास्तर-कारकुनाला नाही तरी डॉक्टर-वकिलाला परवडेल अशा गाडीत आलं. फेरारी २५० जीटीओ म्हणून एक गाडी आहे. १९६२ ते १९६४ मध्ये अवघ्या ३६ बनल्या. त्यातली एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. ती गाडी म्हणजे राजाच्या मुकुटातला हिरा, बघायचा आणि सोडून द्यायचा. अल्फा मात्र हातात घेता येते.

दुसरं कारण भाच्याने सांगितलं. ते इंजिन थोड्याफार फरकाने १९५४ पासून १९९० च्या दशकापर्यंत, सुमारे चाळीस वर्षं बनत राहिलं. त्यामुळे एकाचे भाग दुसऱ्याला चालतात आणि जुने भाग नव्याने बनवून विकणारे कारागीर युरोपभर आहेत. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते आणि पान्ह्याला लागते. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं झाकण दिसतं आणि कॉम्प्युटर जोडल्याशिवाय मेकॅनिकलाही काही कळत नाही. भाचा रविवारी दोन-दोन तास कार्ब्युरेटर जुळवत बसतो. कानाने जुळवतो, तंबोरा लावावा तसा. जिथे आपले हात लागतात तिथे आपला जीव गुंततो. शेवग्याचं झाड आपण लावलेलं असेल तर त्याची शेंग जास्त गोड लागते, त्यात शेंगेचं कर्तृत्व किती आणि आपलं किती, कोण सांगणार?

आता ताईच्या बाजूने बोलायला हवं. तीही माझ्याच वर्गात बसली आहे.

इटालियन गाड्यांची सर्वांत मोठी बदनामी गंजाची. आणि ती खोटी नाही. नेपल्सजवळ पोमिल्यानो द'आर्को इथे 'आल्फासुद' गाडीसाठी अल्फाने नवा कारखाना काढला. हेतू चांगला होता, दक्षिणेतल्या गरीब मुलखात रोजगार यावा. १९७१ मध्ये गाडी दाखवली तेव्हा जाणकारांनी वाहवा केली. रस्त्यावर इतकी सुंदर चालणारी लहान गाडी त्यांनी पाहिली नव्हती. पण पत्र्याला गंजापासून नीट संरक्षण नव्हतं. काही पोकळ भागांत फेस भरला होता, त्याने पाणी धरून ठेवलं आणि गाडी आतून कुजली. कारखान्यात संप, गैरहजेरी, मजूर आणि व्यवस्थापन यांचा छत्तीसचा आकडा. लान्चाची गत अशीच झाली. 'बीटा' या गाडीच्या गंजाचा १९८० च्या सुमारास इंग्लंडात इतका गवगवा झाला की कंपनीने लोकांकडून गाड्या परत विकत घेतल्या. १९९४ मध्ये लान्चाने तो बाजारच सोडला. ज्या कंपनीने १९२२ साली 'लाम्ब्दा' बनवून जगाला नवं काही शिकवलं, तिची ही अवस्था.

मग निष्ठावंत म्हणतात, बघा, आमच्या गाड्या पन्नास-साठ वर्षं टिकल्या! इथे इतिहास शिकवणाऱ्याने कान टवकारावेत. टिकलेल्या गाड्या तेवढ्याच साक्षीला येतात. आल्फासुद नऊ लाखांच्या आसपास बनल्या, त्यातल्या फार थोड्या उरल्या. उरलेल्या लाखोंचे मालक वैतागून दुसरीकडे गेले, ते आज कुठल्या मेळाव्याला येत नाहीत. अशोकाचे शिलालेख दगडावर होते म्हणून राहिले, पानावर लिहिणाऱ्यांचं काय झालं आपल्याला माहीत नाही, असं मी मुलांना सांगायचे. तसंच हे. निष्ठेच्या कथा निष्ठावंतच सांगतात. सोडून गेलेल्यांची बखर कोणी लिहीत नाही. शिवाय ही गाडी आता रोज ऑफिसला न्यायची नसते. रविवारी चादर काढायची, फिरून यायचं, पुसून ठेवायची. जिच्याकडे रोजचं काम मागायचं नाही तिच्यावर प्रेम करणं सोपं!

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. 'मिले मिलिया' ही शर्यत खुल्या रस्त्यांवर, गावांमधून जायची. १२ मे १९५७ रोजी ग्विदिद्झोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो याच्या फेरारीचं टायर फुटलं. तो, त्याचा साथीदार आणि रस्त्याकडेला पाहत उभे असलेले नऊ जण ठार झाले. त्यांत पाच मुलं होती. एन्झो फेरारीवर खटला चालला, १९६१ मध्ये तो सुटला. ती शर्यत त्या स्वरूपात कायमची बंद झाली. आता त्या रस्त्यांवर जुन्या गाड्यांची मिरवणूकवजा फेरी निघते. १९२७ ते १९५७ या काळात शर्यतीत उतरलेल्या नमुन्यांनाच तिथे प्रवेश. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवाव्यात, पण त्या पाच मुलांची आठवण ठेवून वाजवाव्यात असं मला वाटतं. गौरवशाली इतिहास सांगताना आपल्याकडेही मेलेल्या बाजारबुणग्यांची मोजदाद कोण करतं?

हे सगळं भाच्याला लिहून पाठवलं. मला वाटलं रागावेल. त्याचं उत्तर आलं ते असं, की ग्विदिद्झोलोची गोष्ट त्याला ठाऊक आहे, गंजाची तर फारच चांगली ठाऊक आहे, आणि तरीही तो गाडी ठेवणार आहे. "मावशी, निर्दोष आहे म्हणून मी ती ठेवलेली नाही," एवढं एकच वाक्य.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटतं तिसरं कारण तिथे आहे, आणि ते सर्वांत खोल आहे.

ही मंडळी निष्ठावान आहेत ती नक्की कोणाशी? कंपनीशी? तोट्यात बुडालेली अल्फा सरकारी संस्थेने १९८६ मध्ये फियाटला विकली. मागच्या चाकांवर चालणारी शेवटची जुनी सेडान '७५' ही १९९२ मध्ये बंद झाली. पोर्तेल्लोचा कारखाना गेला, नंतर आरेझेचाही बंद पडला. २०२१ पासून अल्फा स्टेलांटिस नावाच्या मोठ्या समूहात एक नाव म्हणून आहे. गाड्यांना देखणे आकार देणारी बेर्तोनेची कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. जुझेप्पे बुस्सो या अभियंत्याचं सहा सिलिंडरचं प्रसिद्ध इंजिन १९७९ पासून बनत होतं. २००५ च्या अखेरीस ते बंद झालं आणि पुढच्या काही दिवसांतच, जानेवारी २००६ मध्ये, बुस्सोही गेले. आल्फिस्ती हे सांगताना आवाज खाली आणतात.

म्हणजे ज्या घराशी निष्ठा, ते घरच राहिलेलं नाही. राहिल्या आहेत त्या वस्तू आणि त्या घडवणाऱ्यांची नावं. यानो, सात्ता, बुस्सो, स्काल्योने, जुजारो ही सगळी नावं भाच्याला आपल्या गोत्रातल्या माणसांसारखी पाठ आहेत. मोडलेल्या शहरातल्या, शेगड्या बनवून पोट भरणाऱ्या काही माणसांनी ठरवलं की साधी गाडी करायची तर तीही आपल्याला येतं त्यातलं उत्तम ओतूनच करायची. आणि पंधरा-वीस वर्षं त्यांनी ते खरंच केलं. मग पैसा, राजकारण, संप, चुकीचे निर्णय यांत ते संपलं. भाचा चादरीखाली जपतो ती गाडी त्या पंधरा-वीस वर्षांचा पुरावा आहे. आरेझेला कंपनीचं संग्रहालय आहे, २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे कागदपत्रांचं दप्तर आहे. गाडीचा सांगाडा क्रमांक कळवला की ती कधी बनली, कुठल्या रंगाची होती, कुठे पाठवली, याचा दाखला देतात. भाच्याने तो दाखला फ्रेम करून लावला आहे. मी तो पाहिला तेव्हा हसले होते. आता वाटतं, हसायला नको होतं. आमच्या शाळेच्या जुन्या हजेरीपटांची रद्दी घातली गेली, त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नव्हते. ज्याला कोणी पुसत नाही ते दप्तर सांभाळणाऱ्यांतली मीसुद्धा एक आहे.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, अशी म्हण आपल्याकडे आहे. या गाड्यांची गंमत अशी की त्या दूध देतातच असं नाही. काहींच्या किमती वाढल्या, बहुतेकांवर पदरमोडच. तरी लाथा गोड लागतात. मग व्यवहार कुठला? आपण देवघरातली आजीची समई कशासाठी ठेवतो? उजेडासाठी नव्हे. वीज आहे घरात.

शेवटी ताईला फोन केला. म्हटलं, "हे बघ, नातीची फी महत्त्वाची, त्यात दुमत नाही. ती भरायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तर गाडी विकावी आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. वस्तूपेक्षा पोर मोठी. पण मार्ग असेल, आणि मी त्याला विचारलं, आहे, तर केवळ तुझ्या-माझ्या डोळ्यांना ती भंगार दिसते म्हणून विकायला लावू नकोस. त्यापेक्षा त्याला सांग की पोरीला पान्हा धरायला शिकव. त्याच्या मागे ती गाडी कोणाला कळलीच नाही तर मात्र ते खरोखरच भंगार."

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला समजवायला पाठवलं, तर तूच माळ घालून आलीस!"

असो. माळ नाही घातली. पण भाच्याला कळवलंय, पुढच्या खेपेला येईन तेव्हा पुन्हा एकदा फिरवून आण. गुडघ्यांचं बघू.